तीन चौकटींचे कार्ड

१९८३ सालच्या मार्गशीर्षात आमचे गाव तीन दिवस आणि तीन रात्री रिकामे होते. चौथ्या दिवशी सकाळी माणसे परतली तेव्हा आमच्या घरापासून खाडीपर्यंत जाणारी वाट बंद झालेली होती. वाटेवर खांद्याइतक्या उंचीचा, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, उभा होता. तो दाजींनी घालून घेतला होता.

गाव मालवण तालुक्यात, खाडीच्या काठावर. दाजी आमचे शेजारी. समोर सगळे त्यांना दाजी म्हणत, पाठीमागे कार्डदाजी. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक कार्ड असे. पोस्टकार्डापेक्षा जरा लहान, जाड, आणि एका बाजूने छापलेले. वर तारखेची ओळ. तिच्याखाली तीन खण: 'आजचे काम', 'भेटणे', 'दिलेला शब्द'. तळाला 'पुढे ढकलले' असे शब्द आणि त्यांच्यापुढे तीन बारीक चौकटी. एका दिवसाला एक कार्ड. रात्री जेवणाआधी ते उद्याचे कार्ड भरत आणि आजचे लाकडी खणात ठेवून देत. आजची राहिलेली कामे उद्याच्या कार्डावर उतरवत आणि तिथे आधीपेक्षा एक चौकट जास्त काळी करत.

मुंबईत एका मोठ्या वाचनालयात त्यांनी सगळी नोकरी कार्डांच्या कपाटासमोर काढली होती. पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते कार्ड सांगते, तर माणसाने उद्या कुठे असावे ते कार्डाने का सांगू नये, असा त्यांचा सवाल असे. मुलगा मुंबईतच राहिला; ते निवृत्त होऊन गावी आले तेव्हा मोडीत निघालेल्या कपाटातला एक लाकडी खण त्यांनी सोबत आणला. त्याला पितळी मूठ होती. आत चपलांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे बारा आडवे पडदे लावून त्यांनी बारा महिने केले. सर्वांत मागे आणखी एक कप्पा होता. त्यावर लिहिले होते, 'बिनतारखेची कामे'.

कार्डे मालवणच्या एका छापखान्यात छापून येत. लग्नपत्रिका छापताना बिघडलेले जाड कागद छापखानेवाला बाजूला ठेवी, मापात कापी आणि कोऱ्या बाजूवर ट्रेडल मशीनवर दाजींचा मजकूर काढून देई. त्यामुळे प्रत्येक कार्डाच्या पाठीवर कुणाच्या तरी लग्नाचा तुकडा असे. अर्धा गणपती, नाहीतर एखाद्या मुहूर्ताची नुसती मिनिटे. तिठ्यावरचा दुकानदार पेद्रू रोज विचारी, "दाजी, आज कोणाच्या लग्नाक चललंस?" दाजी कार्ड उलटे करून पाहत आणि सांगत, "न्हवरो कापलो रे. न्हवरी तेवडी रवली." पेद्रू एकदा म्हणाला, "सगळ्याचा कार्ड करतंस, मरणाचा कार्ड केलंस काय?" दाजी म्हणाले, "केलंय. मागच्या कप्प्यात आसा. तारीख तेवडी येऊची आसा."

तीन चौकटींचा नियम त्यांनी मला शाळेत असताना सांगितला. त्यांचे शब्द असे होते: "तीनदा फुडे ढकललंस म्हणजे ता काम तुका करूचाच नाय. मगे कार्ड फाड आणि त्या माणसाच्या तोंडार जावन सांग, जमूचा नाय म्हणान. चवथी चौकट मिया छापूक दिलंयच नाय."

हा नियम ते पाळत. पेद्रूला दुकानात वीज हवी होती. अर्ज पुढे सरकवण्याचे काम दाजींनी अंगावर घेतले होते. कचेरीत दोन खेटे घालूनही काही झाले नाही. तिसरी चौकट काळी झाली त्या दुपारी ते भर उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून, तिठ्यावर गेले. मी दुकानात मीठ घ्यायला उभी होते.

"पेद्रू, तुजा काम माज्याकडना जमूचा नाय."

"ह्या सांगूक उन्हातना इलंस? सांजेक सांगलो असतंस."

"कार्ड दुपारी फाडलंय. सांजेपर्यंत तुका खोटी आशा कित्याक?"

पेद्रूने त्यांना सोडा फोडून दिला आणि पैसे घेतले नाहीत. वीज पुढच्या वर्षी दुसऱ्याच कुणाच्या खटपटीने आली.

गावात एक बोलणे पडून गेले होते. एखादी गोष्ट नक्की होणार असेल तर 'दाजींच्या कार्डार आसा' असे म्हणत. माझे वडील खाडीत होडी घालत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आज काळुंदर मासा मिळेल का, असे आईने विचारले की ते म्हणत, "दाजींच्या कार्डार आसलो तर गावतलो."

मी अकरावीनंतर, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकनंतर, घरी बसणार हे ठरलेलेच होते. निकाल लागला त्या आठवड्यात दाजी संध्याकाळी आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आले आणि कार्ड वडिलांच्या पुढे धरले.

"रामा, ह्या वाच."

"माका वाचूक येता काय, दाजीनू?"

"म्हणानच हाडलंय. चेडू वाचतला."

मी वाचले. 'दिलेला शब्द' या खणात लिहिले होते, 'रामाच्या मुलीस कॉलेजात घालणे.'

वडिलांनी विचारले, "शब्द कोणाक दिलास?"

"अजून कोणाकच नाय. आता तुका दितंय."

वडील हसले. आई चुलीपाशी होती, तिने तिथूनच सांगितले, "दाजीनी शब्द दिल्यानी म्हणजे तुमी आता फुडे बोला नको." मला कॉलेजात घालायला दाजी स्वतः एसटीने बरोबर आले. पदवीनंतर मुंबईच्या एका दैनिकात मुद्रितशोधकाची जागा होती. ती त्यांच्या वाचनालयातल्या एका जुन्या वाचकाच्या ओळखीने मला कळली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते माझ्यासोबत मुंबईला आले आणि कार्यालयाच्या दारापर्यंत सोडून गेले. दर नाताळच्या सुमारास पुढच्या वर्षाच्या कार्डांचा गठ्ठा, सुंभाने बांधलेला, ते माझ्यासाठी वेगळा ठेवत. "दिस तुजे, कार्डां माजी," असे म्हणत. कार्यालयात माझ्या टेबलावरच्या कार्डांची थट्टा होई. पुढे उपसंपादकांपैकी दोघांनी माझ्याकडून नमुना मागून घेतला.

वाट दाजींच्या जमिनीतून जात होती. आमचे घर वरच्या अंगाला, खाली त्यांच्या माडांच्या दोन बागा, मधून पायवाट आणि शेवटी खाडी. तिथे वडिलांची होडी बांधलेली असे. ओहोटीला आई त्याच वाटेने तिसरे काढायला जाई, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या. वाट कधी पडली ते कुणाला ठाऊक नव्हते. दाजींच्या वडिलांनी आमच्या आजोबांना ती दिली, एवढे सगळ्यांना माहीत होते. कागद नव्हता. दाजी रोज संध्याकाळी त्याच वाटेच्या वरच्या तुकड्याने आमच्याकडे कोरा चहा प्यायला येत आणि जाताना कधी काळुंदर, कधी शेवटे, अशी मासळी घेऊन जात.

आमच्या गावात दर तीन वर्षांनी गावपळण होते. देवाला कौल लावतात आणि कौल झाला की सगळे गाव घरे सोडून वेशीबाहेर राहायला जाते. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, कुणीही मागे राहत नाही. ते दिवस गाव देवाचे, असे मानतात. त्या काळात कुणी वेशीच्या आत पाऊल टाकत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावतात. देवाने होकार दिला तर परत यायचे, नाहीतर आणखी राहायचे. पेद्रू ख्रिस्ती, त्याचा कौलाशी संबंध नव्हता, पण तोही दुकान बंद करून येई. रिकाम्या गावात मीठमिरची कुणाला विकायची, असे म्हणे.

तारीख देवाच्या हातची असल्यामुळे गावपळण दाजींच्या 'बिनतारखेच्या' कप्प्यात असे. कौल झाला की तिथली कार्डे बाहेर निघत. कोणत्या घराने कोणत्या आंब्याखाली चूल मांडायची, म्हाताऱ्यांना कुणाच्या गाडीतून न्यायचे, पाणी कुठून आणायचे, गुरांचे दावे कुठे, हे सगळे त्यांनी लिहून ठेवलेले असे. १९८३ च्या वेळी मी रजा काढून घरी आले होते. निघायच्या सकाळी दाजी कार्डे हातात घेऊन घरोघर फिरले. आमच्या खळ्यात उभे राहून त्यांनी वडिलांना सांगितले, "रामा, होडी हय ठेवची नाय. पैल्याड घेवन ये. सामान व्हरूक उपेगाक येतली."

वडिलांनी दिवसभर लोकांचे सामान होडीतून पलीकडे नेले आणि शेवटी होडी पलीकडच्या काठालाच बांधली. सर्वांत शेवटी वेस ओलांडणारे दाजी होते. त्यांनी पाठीमागे वळून हात जोडले. ते मी पाहिले.

मुक्काम खाडीच्या पलीकडच्या माळावर होता. आंब्याखाली चुली, झाडाला बांधलेल्या झोळ्या, भजन, पेद्रूचा रेडिओ. दाजी सकाळी सकाळी प्रत्येक चुलीपाशी जाऊन विचारत, "काय कमी आसा?" आणि कार्डावर खूण करत. कुणाच्या नातवाला ताप आला, त्याच्यासाठी त्यांनी तासाभरात सायकल आणि डॉक्टर दोन्ही उभे केले. त्या तीन दिवसांत त्यांच्याइतका उपयोगी माणूस मुक्कामावर दुसरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणे चालली होती. खाडीवरून ठोकण्याचा आवाज येत होता. दगडावर पोलाद पडल्याचा. वडिलांचा हात थांबला.

"दाजीनू, चिरे तासल्याचो आवाज येता."

"येतलो. खाणीर काम चलता."

"खाण त्या बाजूक खय आसा? ह्यो गावातना येता."

"गावात कोण आसा, रामा? सगळे हय आसत मा?"

पेद्रू म्हणाला, "देव घर बांधता आसतलो." सगळे हसले. दाजीही हसले. त्यांनी खिशातून कार्ड काढले, काहीतरी खूण केली आणि परत ठेवले. माळावरून पाहिले तर गावाकडे नुसते माड दिसत होते.

चौथ्या दिवशी कौल झाला. आई आणि मी गुरांबरोबर रस्त्याने निघालो. वडिलांनी भांडी आणि तांदळाचा डबा होडीत घातला आणि ते खाडीतून निघाले. आम्ही घरी पोहोचून दार उघडत होतो तेव्हा खालून त्यांची हाक आली.

"शाले! हय ये गो."

मी वाटेने खाली धावले आणि थांबले. वडिलांचे डोके आणि डोक्यावरचा डबा एवढेच दिसत होते. मध्ये गडगा होता. चिरे नवे, लाल; सांध्यांतली माती ओली. वाटेच्या दोन्ही बाजूंनी तो माडांच्या आत लांबपर्यंत गेलेला होता.

"ह्या काय हा?"

"गडगो, बाबा."

"ता माका दिसता. घातल्यान कोणी?"

मागून आई आली. ती म्हणाली, "हय होता कोण घालूक?"  मग ती म्हणाली, "तो डबो हिच्याकडे देवा आणि चढान येवा."

"वाट माजी आसा. चढान कित्याक येऊ?"

ते मागे वळले. होडी घेऊन ते गावाच्या सार्वजनिक धक्क्यावर गेले आणि तिथून रस्त्याने, डबा डोक्यावर घेऊन, दुपारी घरी आले. होडी त्या दिवसापासून धक्क्यावरच राहिली.

संध्याकाळी वडील दाजींकडे गेले. मी सोबत होते. दाजी पडवीत बसले होते. त्यांनी आम्हाला बसायला पाट दिले.

वडिलांनी विचारले, "दाजीनू, ह्या काय केल्यात?"

"रामा, जमीन माजी आसा."

"जमीन तुमचीच. वाट?"

"वाट माज्या बापाशीन दिल्यान. कागदार खय आसा?"

"कागद आमी कधी मागलो? तुमचो शब्द होतो."

 दाजी म्हणाले, "असा तापान बोलान होऊचा नाय. फाल्या ये. बसान बोलूया." त्यांनी खिशातून कार्ड काढले आणि वडिलांच्या देखत लिहिले, 'रामा, वाटेसंबंधी.' वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. घरी येताना ते आईला म्हणाले, "कार्डार घातल्यानी. होतला काय ता." त्यांना वाचता येत नव्हते. मला येत होते. दाजींनी ते 'भेटणे' या खणात लिहिले होते. 'दिलेला शब्द' हा खण कोरा होता.

दुसऱ्या दिवशी वडील गेले तेव्हा दाजी मालवणला गेलेले होते. तिसऱ्या दिवशी त्यांना बरे नव्हते. चौथ्या दिवशी पाहुणे आले होते. एरवी खिशात असणारे त्या दिवसाचे कार्ड आता रोज पडवीतल्या दोरीवर, कपड्याच्या चिमट्यात, लावलेले असे. वडील आत विचारत आणि मी कार्ड पाही. पहिल्या खेपेला एक चौकट काळी होती, नंतर दोन, नंतर तीन. पाचव्या दिवशी कार्डावर वडिलांचे नाव नव्हते. तोंडावर सांगायला दाजी आले नाहीत. आमच्याकडे चहालाही त्या दिवसानंतर ते आले नाहीत.

माझी रजा संपत होती. निघायच्या आदल्या सकाळी मी एकटी त्यांच्याकडे गेले. ते खणापाशी बसून नव्या वर्षाचे पडदे लावत होते.

मी विचारले, "जमीन विकलीत?"

"विकलंय. म्हमयच्या पार्टीक. झिलाक थय जागा घेवची आसा. पार्टीन सांगल्यान, आतना कोणाची वाट असता नये. कुंपण घालून देवा, मगेच व्यवहार."

"बाबांना आधी का नाही सांगितलं?"

"सांगलो असतंय तर तुजो बापूस वाटेत आडवो पडलो असतो. गाव जाग्यार असताना माका गडगो घालूक कोणी दिलो असतो, बाय? तूच सांग."

"गडी कुठून आणले?"

"घाटावरचे. त्येंका पळण लागू नाय." त्यांनी मागच्या कप्प्याकडे बोट दाखवले. "वरीसभर ता कार्ड थय होता. कौल होयपर्यंत काय करूक येय नाय." आवाजात लपवाछपवी नव्हती. एखाद्या अवघड कामाची नीट आखणी कशी केली, ते मला शिकवावे तसे ते सांगत होते. त्या वर्षभरात ते आमच्याकडे रोज चहाला येत होते.

"तीन चौकटी झाल्या," मी म्हणाले. "तुम्ही बाबांना तोंडावर सांगितलं नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "रामाच्या तोंडार सांगूचा माका जमूचा नाय," ते म्हणाले. मग उठून आत गेले आणि सुंभाने बांधलेला गठ्ठा घेऊन आले. नेहमीप्रमाणे माझा गठ्ठा वेगळा ठेवलेला होता. मी तो घेतला. १९८४ हे वर्ष मी त्याच कार्डांवर काढले. पाठीवर एकाच बिघडलेल्या पत्रिकेचे तुकडे होते, म्हणून सगळ्या वर्षाला एकच मुहूर्त होता.

गावात काही दिवस बोलणे झाले. जमीन त्यांची, हे कुणी नाकारले नाही. देवाच्या दिवसांत हे करायला नको होते, असे बरेच जण म्हणाले. मानकऱ्यांनी देवळात गाऱ्हाणे घातले आणि ज्याचे त्याला समजो असे म्हटले. दाजी त्या गाऱ्हाण्याला हजर होते आणि बाकीच्यांबरोबर त्यांनीही 'होय म्हाराजा' म्हटले. वडिलांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. वाट कधीपासूनची आहे, असे त्यांना विचारण्यात आले. त्यांनी सांगितले, "माज्या पायाक म्हायत आसा." ते उत्तर लिहून घेण्याजोगे नव्हते. आई ओहोटीला धक्क्यावरून फेरा घालून जाई. पुढल्या पावसानंतर तिने तिसरे काढायला जाणे सोडले. पेद्रू दाजींना दुकानात पूर्वीसारखेच सामान देई, पण आज कोणाचे लग्न, असे त्याने पुन्हा विचारल्याचे मला आठवत नाही.

'दाजींच्या कार्डार आसा' हे बोलणे राहिले. त्याचा अर्थ मात्र उलटला. एखादी गोष्ट होणार नसेल तेव्हा लोक ते म्हणू लागले.

१९८५ च्या शेवटी दाजींच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात आणि पाय निकामी झाले. मुलगा मुंबईहून येऊन गेला आणि देखभालीला एक बाई ठेवून परत गेला. मी नाताळला घरी आले तेव्हा त्या बाईने निरोप आणला की दाजींनी मला बोलावले आहे. ते खाटेवर होते. खण उशाशी होता. बोलणे तोतरे झाले होते, पण समजत होते.

"बाय, माका लिहूक येना नाय. फाल्याचा कार्ड भर."

मी कोरे कार्ड काढले आणि तारीख घातली.

"रामाक भेटूचा," ते म्हणाले.

मी 'भेटणे' या खणावर पेन टेकवले. त्यांनी डावा हात हलवला. "थय नको. खाली."

मी 'दिलेला शब्द' या खणात लिहिले, 'रामास भेटणे.' त्यांनी ते दोरीवर लावायला सांगितले. मी लावले.

घरी जाऊन मी वडिलांना सांगितले की दाजींनी उद्या बोलावले आहे, आणि या वेळी कार्डावर कुठे लिहून घेतले तेही सांगितले. वडील जाळे विणत बसले होते. त्यांनी बराच वेळ हात थांबवला नाही.

"खयच्या वाटेन येऊ, ता विचार त्येका."

दुसऱ्या सकाळी मी तो प्रश्न दाजींना जसाच्या तसा सांगितला. त्यांनी डोळे मिटले.  मग, नवे कार्ड न काढता, त्याच कार्डावर मला चौकट काळी करायला सांगितले. मी केली. त्यानंतरचे दोन्ही दिवस मी गेले, आणि दोन्ही दिवस चौकट काळी केली. तिसरी चौकट भरल्यावर त्यांनी कार्ड मागितले आणि डाव्या हाताने फाडायचा प्रयत्न केला. कागद जाड होता. फाटला नाही. ते कार्ड त्यांनी उशीखाली ठेवले.

मी मुंबईला परतल्यावर पंधरवड्यात ते वारले. मला पत्राने कळले. तिरडी पक्क्या रस्त्याने नेली. वडील गेले होते, असे आईने लिहवून घेतले होते. ते सर्वांच्या मागे चालत होते. खण मुलाने मुंबईला नेला.

मुंबईच्या पार्टीने त्या उन्हाळ्यात माड तोडले आणि बंगल्याचा चौथरा घातला. गडगा होता तसाच ठेवला.

१९८६ च्या मार्गशीर्षात पुन्हा कौल झाला. मी रजेवर आले होते. या वेळी कार्डे नव्हती. कोणती चूल कुठे, यावरून दोन घरांत भांडण झाले आणि पाण्याची पिंपे कुणी आणायची ते शेवटपर्यंत ठरले नाही. निघायच्या सकाळी आईने गाय सोडली, भांडी बांधली आणि खळ्यात उभी राहून वडिलांना हाक मारली. वडील पायरीवर बसून होते.

"मी येऊचंय नाय," ते म्हणाले.

आईला आधी ते समजले नाही. मग तिने कपाळावर हात मारला. "अहो, देवाचे दिस ते. गावात कोण रवता काय? काय वायट झाला तर?"

"मागल्या टायमाक सगळे भायर होते. तेवा काय बरा झाला?"

मानकरी आले. त्यांनी समजावले, नंतर दम दिला, शेवटी हात जोडले. आजवर या गावात पळणीच्या दिवशी माणूस मागे राहिलेला नाही, असे सांगितले. पेद्रू आला. त्याने वडिलांच्या शेजारी बसून एक विडी ओढली आणि उठला. वडिलांनी मानकऱ्यांना एवढेच सांगितले, "देवाक सांगा, रामा घराक आसा. राखणीक."

आई आणि मी गाय घेऊन वेस ओलांडली. संध्याकाळी पलीकडच्या माळावर चुली पेटल्या. माड नसल्यामुळे आमचे घर आता माळावरून स्वच्छ दिसत होते. साऱ्या गावात त्या एका घरात दिवा होता. तो तिन्ही संध्याकाळी दिसला.